डिनो २०६ आणि २४६ : एल, एम आणि ई मालिकेतल्या गाड्या कशा ओळखाव्यात?

मूळ लेख

वडिलांच्या जुन्या पेटीत गेल्या महिन्यात एक कृष्णधवल छायाचित्र सापडले. ते १९७१ मध्ये प्रशिक्षणासाठी काही महिने तुरिनला होते, आणि छायाचित्राच्या मागे त्यांच्या अक्षरात 'तुरिन, मे १९७१' एवढेच लिहिलेले आहे. रस्त्याच्या कडेला एक बुटकी, गोलसर मडगार्डांची गाडी उभी असून छायाचित्र डाव्या बाजूने, मागच्या कोपऱ्यातून घेतलेले आहे. गाडी फेरारीची डिनो आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आत वळलेली उभी मागची काच आणि दारावरून मागच्या हवेच्या तोंडापर्यंत जाणारी ती खोलगट रेघ त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही गाडीत अशी एकत्र येत नाही. प्रश्न पुढचा आहे. ही कोणती डिनो? त्या निमित्ताने गेले काही आठवडे मी जे वाचले, तपासले आणि पूर्वी प्रत्यक्ष पाहिले होते, ते इथे एकत्र मांडतो, म्हणजे जाणकारांना दुरुस्त्या करता येतील.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. एन्झो फेरारी यांचा मुलगा आल्फ्रेदो, घरचे नाव डिनो, १९५६ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला. व्ही-६ इंजिनाच्या कल्पनेशी त्याचे नाव जोडलेले होते, म्हणून फेरारीच्या सहा सिलिंडरच्या गाड्यांना ते नाव मिळाले. पुढे फॉर्म्युला २ शर्यतींसाठी १९६७ पासून असा नियम आला की इंजिन किमान ५०० नग बनलेल्या गाडीतलेच असले पाहिजे. तेवढ्या गाड्या बनवणे त्या काळच्या फेरारीला शक्य नव्हते, म्हणून फियाटशी करार झाला. फियाटने हे इंजिन आपल्या कारखान्यात बनवायला घेतले आणि ते स्वतःच्या 'फियाट डिनो' या गाडीतही बसवले. ओळख पटवताना ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडते, म्हणून ती लक्षात ठेवावी.

पहिली रस्त्यावरची गाडी म्हणजे डिनो २०६ जीटी. ती १९६७ च्या तुरिन प्रदर्शनात दाखवली गेली, १९६९ पर्यंत बनली आणि एकूण सुमारे दीडशेच बनल्या. नावातच हिशेब आहे : २० म्हणजे दोन लिटर, ६ म्हणजे सहा सिलिंडर. इंजिन १९८७ सीसी, ब्लॉक अॅल्युमिनियमचा, ताकद १८० अश्वशक्ती. बॉडीचा पत्राही अॅल्युमिनियमचा, आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, २२८० मिमी. १९६९ मध्ये तिची जागा २४६ जीटीने घेतली : इंजिन २४१८ सीसी, ब्लॉक बिडाचा, ताकद १९५ अश्वशक्ती, पत्रा पोलादी आणि व्हीलबेस २३४० मिमी. दोन्ही गाड्यांचे रेखाटन पिनिनफारिनाचे आणि बॉडी स्कालिएत्तीकडे बनलेली. लांबून पाहिले तर दोघी सख्ख्या जुळ्या वाटतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

२४६ च्या पोटात पुन्हा तीन मालिका आहेत. कारखान्याच्या कागदांत त्यांना ६०७ एल, ६०७ एम आणि ६०७ ई म्हटले आहे, पण गाडीच्या बाहेर यांपैकी एकही अक्षर कुठे लिहिलेले नसते. एल मालिका १९६९-७० मधली, ३५७ गाड्यांची. एम मालिका १९७० पासून १९७१ च्या मध्यापर्यंतची, सुमारे ५०० गाड्यांची. त्यानंतर १९७४ पर्यंतच्या सगळ्या ई. उघड्या टपाची जीटीएस १९७२ च्या जिनिव्हा प्रदर्शनात आली, म्हणजे ती नेहमी ई मालिकेतलीच असते. बंद टपाच्या २२९५ आणि जीटीएस १२७४, अशा एकूण ३५६९ गाड्या २४६ नावाने बनल्या.

माझे स्पष्ट मत असे आहे की ओळख पटवताना जे बदलायला सर्वांत कठीण ते आधी पाहावे आणि जे चार बोल्ट सोडवून बदलता येते ते सर्वांत शेवटी पाहावे. बहुतेक लेखांत नेमका उलटा क्रम असतो : चाके, स्टीअरिंग, बिल्ले. त्या क्रमाने गेले की माणूस फसतो. पन्नास वर्षांत चाके बदलतात, लाकडी कड्याचे स्टीअरिंग बसवले जाते, नाकावरच्या पिवळ्या डिनो बिल्ल्याच्या जोडीला उधळत्या घोड्याचाही बिल्ला येतो. कारखान्यातून बाहेर पडलेल्या डिनोवर घोडा नव्हता; तो नंतर विक्रेत्यांनी किंवा मालकांनी लावला. त्यामुळे घोडा दिसला किंवा दिसला नाही, यावरून मालिकेबद्दल काहीही ठरत नाही.

आता छायाचित्रातली गाडी. मागच्या मडगार्डाच्या वर, डाव्या खांबावर, पेट्रोलचे उघडे झाकण मला दिसत नाही. चाकाचा मधला भाग काळपट आणि अस्पष्ट आहे. पुढचे चाक एका स्कूटरने झाकले आहे. नाक दिसतच नाही. एवढ्यावरून काय सांगता येईल?

प्रतिसाद १

अतिशय नेटका धागा आहे. पेट्रोलच्या झाकणाबद्दलचे आपले निरीक्षण बरोबर असेल, तर २०६ तिथेच बाद होते. २०६ ला डाव्या खांबावर चकचकीत धातूचे झाकण उघडे असते. २४६ मध्ये तेच झाकण पत्र्याच्या छोट्या दाराआड गेले. कृष्णधवल छायाचित्रात ते चकचकीत झाकण पांढऱ्या ठिपक्यासारखे उठून दिसले असते, कारण बाजूचा पत्रा तिथे वळतो आणि उजेड धरतो. ही खूण सुदैवाने बदलायलाही सोपी नाही, कारण त्यासाठी पत्रा कापावा लागतो.

राहता राहिल्या एल, एम आणि ई. तारीख मे १९७१ असेल तर ई जवळजवळ बाद होते. म्हणजे प्रश्न एल की एम एवढाच उरतो, आणि त्याचे उत्तर आपण म्हणता त्या काळपट चाकात आहे. एलला २०६ प्रमाणेच मधोमध एकच मोठे नट असते, जे हातोडीने ठोकून सैल करतात. एमपासून पुढे पाच बोल्टची चाके आली.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत, पण चाकावर इतका भार टाकू नये, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. एल आणि एम यांच्यातला फरक नुसत्या चाकाचा नाही. एमचे मागचे दोन टायर एकमेकांपासून एलपेक्षा सुमारे ३० मिमी अधिक दूर आहेत. शिवाय एलच्या डिकीला बाहेरून दाबायचे बटण असते. एममध्ये ते गेले आणि डिकी आतून उघडायची सोय झाली. मागच्या कोपऱ्यातून घेतलेल्या छायाचित्रात डिकीची कड स्वच्छ दिसत असेल, तर बटण शोधावे. चाक बदलणारा माणूस डिकीचे भोक बुजवायला सहसा जात नाही.

प्रतिसाद ३

व्हीलबेस छायाचित्रावरून मोजता येणार नाही का? टायरचा व्यास ठाऊक आहे. त्या प्रमाणात दोन चाकांमधले अंतर काढले की २२८० की २३४० हे कळेल, आणि २०६ चा प्रश्न कायमचा मिटेल.

मूळ लेखकाचे उत्तर

मीही पहिल्या दिवशी पट्टी घेऊन तेच करून पाहिले आणि उत्तर २२०० च्याही खाली आले, म्हणजे दोन्हींपैकी एकही नाही. कारण उघड आहे. गाडी तिरकी उभी आहे, मागचे चाक कॅमेऱ्याच्या जवळ आहे आणि पुढचे लांब. दोन गाड्यांतला फरक अवघा ६० मिमीचा, म्हणजे शंभराला तीनहूनही कमी. तिरक्या छायाचित्रातली चूक त्याच्या कितीतरी पट असते. बरोबर बाजूने, लांबून घेतलेले छायाचित्र असेल तरच ही पद्धत विचारात घ्यावी. प्रत्यक्ष गाडी समोर असेल तेव्हा मात्र मोजपट्टीसारखा साक्षीदार नाही. चासीची लांबी कोणी बदलत नाही.

प्रतिसाद ४

मी जर्मनीत राहतो आणि एका मित्राबरोबर दोन डिनो गाड्या तपासायला गेलो होतो, त्यातला अनुभव इथे उपयोगी पडेल म्हणून लिहितो. विक्रेत्याचे नाव देत नाही.

पहिल्या गाडीबद्दल आम्हाला २०६ म्हणून सांगण्यात आले होते. लाकडी स्टीअरिंग होते, एका नटाची चाके होती, आणि स्टीअरिंग डाव्या हाताला होते, जे बरोबरच होते, कारण २०६ फक्त डाव्या स्टीअरिंगचीच बनली. मित्राने खिशातून तलम फडक्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक काढले आणि मागच्या मडगार्डावर अलगद ठेवले. ते चिकटले नाही. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. मित्राने ते तसेच चार बोटे वर सरकवले, पुन्हा नाही. मग टपावर, काचेच्या कडेपाशी नेले, आणि तिथे ते टक् असा आवाज करून पक्के बसले. मडगार्डावर पत्रा अॅल्युमिनियमचा नव्हता. पोलादी पत्र्यावर पुट्टीचा इतका जाड थर होता की चुंबकाची ओढ खालपर्यंत पोहोचत नव्हती. ती गाडी २४६ होती.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. चुंबक कधी एकाच जागी लावायचे नाही. आणि बॉनेट, डिकी, दार अशा बिजागरीवर उघडणाऱ्या भागांवर निकाल द्यायचा नाही, कारण तो भाग दुसऱ्या गाडीचा असू शकतो. टप, काचेची चौकट, दाराखालची पट्टी हे जोडून टाकलेले भाग खरे बोलतात. पुट्टी कळण्यासाठी बोटाच्या मागच्या हाडाने हलकेच ठोकून पाहावे. नुसता पत्रा वाजतो, पुट्टीचा पत्रा बद्द बोलतो.

प्रतिसाद ५

इंजिन पाहिले की काम झाले, असे मी समजत होतो. ब्लॉक अॅल्युमिनियमचा असेल तर २०६ आणि बिडाचा असेल तर २४६, इतके सोपे नाही का?

मूळ लेखकाचे उत्तर

दुर्दैवाने नाही, आणि याच कारणासाठी मी वर फियाटची गोष्ट सांगितली. हे व्ही-६ इंजिन फियाट डिनोत आहे, आणि २४१८ सीसीचे इंजिन पुढे लान्चिया स्ट्राटोसमध्येही १९० अश्वशक्तीच्या रूपात गेले. फियाट डिनो हीसुद्धा आधी दोन लिटरची आणि नंतर २.४ लिटरची, अशा दोन रूपांत बनली, आणि तिथेही ब्लॉकचा फरक असाच आहे. एखाद्या २०६ चे मूळ इंजिन शर्यतीत किंवा वापरात निकामी झाले असेल, तर तिच्यात दुसऱ्या कुळातले इंजिन येऊ शकते. फियाट डिनोत इंजिन पुढे आणि उभे आहे. आपल्या गाडीत ते सीटच्या मागे आडवे आहे आणि गिअरबॉक्स त्याच्याशीच जोडलेला आहे, त्यामुळे इंजिन जसेच्या तसे उचलून बसत नाही. पण जुळवाजुळव करणारे कुशल कारागीर ते करतात. म्हणून इंजिनावरचा ठोकलेला प्रकार आणि नंबर वाचावा, तो चासी नंबरशी जुळतो का ते कागदावर पाहावे, आणि मगच बोलावे.

चासी नंबरबद्दलही लिहितो. डिनोंना फेरारीच्या इतर रस्त्यावरच्या गाड्यांपासून वेगळी अशी नंबरांची स्वतंत्र माळ होती आणि तिच्यात सगळे नंबर सम आहेत. विषम नंबरची डिनो कोणी दाखवली, तर तिथेच थांबावे. २४६ ची माळ ४०० च्या आसपास सुरू होते. एल मालिका १११६ च्या सुमारास संपते, एम २१३० च्या सुमारास, आणि पुढच्या सगळ्या ई. नंबर इंजिनाच्या कप्प्यात चौकटीच्या नळीवर ठोकलेला असतो आणि स्टीअरिंगच्या दांड्यावरच्या पट्टीवरही असतो. पट्टी काढून दुसरी लावता येते, म्हणून नळीवरचा नंबर महत्त्वाचा. तो नुसता वाचू नये, नखाने चाचपावा. आकड्यांच्या भोवतीचा धातू बाजूच्या नळीपेक्षा खाली गेलेला लागला, किंवा रंगाखाली घासल्याच्या रेघा लागल्या, तर तो नंबर कोणीतरी घासून पुन्हा ठोकलेला आहे. वीस वर्षांहून जुन्या गाड्यांना फेरारीचा क्लासिके विभाग कारखान्याच्या नोंदी पाहून प्रमाणपत्र देतो, आणि त्यात डिनोंचाही समावेश आहे. मोठा व्यवहार असेल तर त्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रतिसाद ६

ई मालिकेबद्दल कमी लिहिले गेले आहे, म्हणून थोडी भर घालतो. सर्वाधिक गाड्या त्याच मालिकेच्या आहेत आणि प्रदर्शनांत बहुतेकदा त्याच समोर येतात.

समोरून पाहिल्यास पुढचे दोन छोटे बंपर बघावेत. एल आणि एममध्ये त्यांची आतली टोके वळून हवेच्या तोंडात शिरतात. ईमध्ये ती तोंडाच्या अलीकडेच संपतात. मला स्वतःला जुनी रचना अधिक देखणी वाटते, कारण त्यात बंपर नाकाचाच भाग वाटतो. वायपरही पाहावेत. आधीच्या गाड्यांत ते टाळी वाजवल्यासारखे समोरासमोर फिरतात. डाव्या स्टीअरिंगच्या ई गाड्यांत ते एकाच दिशेने, समांतर फिरतात. मात्र वायपरवरून निकाल देण्याआधी स्टीअरिंग कोणत्या बाजूला आहे ते आवर्जून बघावे.

अमेरिकेसाठीच्या गाड्या ई मालिकेतल्याच आहेत आणि त्यांच्या पुढच्या-मागच्या मडगार्डांवर बाजूचे छोटे दिवे असतात. शेवटच्या काळात काही गाड्यांना रुंद काम्पान्योलो चाके, त्यांच्यासाठी बाहेर फुगवलेली मडगार्डे आणि फेरारीच्याच डेटोना गाडीसारख्या पट्ट्यापट्ट्यांच्या सीट अशी जोडी मिळाली. या गाड्या दुर्मिळ आणि महाग आहेत, त्यामुळे साध्या गाडीची मडगार्डे नंतर फुगवण्याचे प्रकार होतात. चाकामागे हात घालून मडगार्डाची आतली कड चाचपावी. कारखान्याचे काम एकसारखे असते. नंतरच्या जोडणीत वेल्डिंगच्या गाठी हाताला लागतात.

प्रतिसाद ७

जीटीची जीटीएस केलेली कशी ओळखावी? माझ्याकडे १:१८ प्रमाणातले एक मॉडेल आहे, त्यात टप निघतो पण बाजूची मागची छोटी काचही आहे. मला ते पहिल्यापासून खटकत आले आहे.

प्रतिसाद ६ च्या लेखकाचे उत्तर

आपल्याला खटकले ते योग्यच आहे. खऱ्या जीटीएसमध्ये ती मागची छोटी काच नाही. तिच्या जागी पत्रा आहे आणि त्यात तीन खाचा आहेत. टपाचा तुकडा काढून सीटच्या मागे ठेवता येतो. टप कापून केलेल्या गाडीत काचेच्या जागेचा पत्रा नंतर भरलेला असतो, आणि आतून अस्तर सोडवले की जुन्या चौकटीची कड सापडते. शिवाय चासी नंबर १९७२ च्या आधीचा निघाला, तर पुढे काही पाहायचीही गरज नाही. आपले मॉडेल जीटीच्या साच्यावरून केलेले दिसते.

प्रतिसाद २ च्या लेखकाचे पुन्हा

मूळ लेखकांना विनंती : छायाचित्राची नुसती मोबाइलवर काढलेली प्रत इथे न लावता, शक्य असल्यास मूळ निगेटिव्ह शोधावी आणि ती जास्त बारकाईने स्कॅन करून घ्यावी. प्रिंटवर जे काळे दिसते त्यात निगेटिव्हवर बरेच काही शिल्लक असते. एक नट असेल तर मधोमध मोठा उंचवटा आणि त्याची सावली दिसेल; बोल्ट असतील तर भोवती पाच ठिपके.

मूळ लेखक

विलंबाबद्दल क्षमस्व. आईने पेटीच्या तळातून निगेटिव्हचे पाकीट काढून दिले आणि गावातल्या एका जुन्या स्टुडिओने ती पट्टी स्कॅन करून दिली. काल रात्री मोठ्या पडद्यावर पाहिली.

पेट्रोलचे झाकण नाही. त्या जागी पत्र्यात एका छोट्या दाराची गोलसर रेघ आहे, म्हणजे २०६ नाही. मागच्या चाकात मधोमध उंचवटा नाही. मोजले तर चार बोल्ट स्पष्ट आणि पाचवा सावलीत आहे. डिकीची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजेडात आहे आणि तिच्यावर बटण कुठेही नाही. चाक कोणी बदलले असेल ही शंका त्यामुळे उरत नाही, कारण दोन वेगळ्या खुणा एकाच बाजूला बोलत आहेत. टप अखंड आहे. नंबरप्लेट तुरिनची, काळ्या पाट्यावर पांढऱ्या अक्षरांची आहे.

वडिलांच्या हातची तारीखही याच्याशी जुळते. गाडीच्या डाव्या मडगार्डावर, मागच्या चाकाच्या वर, छायाचित्र घेणाऱ्याची लहानशी आकृती उमटली आहे : दोन्ही कोपर बाहेर काढून कॅमेरा छातीशी धरलेला माणूस. प्रिंटवर ती कधीच दिसली नव्हती.

छायाचित्राच्या मागे, त्यांच्या अक्षराच्या खाली, मी पेन्सिलीने लिहिले आहे : डिनो २४६ जीटी, एम मालिका.